लावरी कुठे असते? मुंबईच्या जंगलकाठाने रानलावा शोधण्याची रीत

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दर रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून जाणाऱ्या कुणालाही विचारा, स्वर्गीय नर्तक शेवटचा कधी दिसला? तारीख, वेळ, झाड सगळं सांगेल. मग रानलाव्याचं विचारा. "हां, एकदा पायाजवळून काहीतरी भुर्रकन उडालं होतं खरं," एवढ्यावर गाडी थांबते. माझीही बरीच वर्षं तिथेच थांबली होती. पार्काच्या पक्षियादीत नाव आहे, पण बघितलंय असं छातीठोक सांगणारे थोडे. आपण मान वर करून जंगल बघतो आणि हा पक्षी आपल्या घोट्याच्या उंचीवर जगतो, एवढंच त्याचं कारण.

या पक्ष्याला रानलावा म्हणा, लावरी म्हणा, इंग्रजी वळणाने जंगल बुश क्वेल म्हणा. शास्त्रीय नाव पर्डिक्युला एशियाटिका. मुंबईत राहून तो कुठे आहे, कुठे नाही आणि का नाही, हे स्वतःच्या पायांनी कसं शोधायचं ते इथे लिहितो आहे. आधीच एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नावात रान असलं तरी हा दाट रानातला पक्षी नाही. जंगल जिथे विरतं, झाडी विरळ होऊन गवत, करवंदीच्या जाळ्या आणि उघडी माती सुरू होते, त्या काठावर तो असतो. पदराच्या आत शोधाल तर हात हलवत परत याल. पदराच्या किनारीला शोधा.

आधी कोण ते ठरवा

लावा म्हणून आपल्याकडे पाच-सहा वेगळे पक्षी एकाच पिशवीत टाकले जातात. ही पिशवी रिकामी केल्याशिवाय बाहेर पडू नका. पहिले दोन हिवाळे मी गोरेगावच्या आरे कॉलनीत 'रानलावा' म्हणून ज्या नोंदी केल्या, त्या एकजात बटन क्वेलच्या निघाल्या. नोंदी तपासणाऱ्या एका जाणकाराने सौम्य शब्दांत विचारलं, "थवा होता की एकटादुकटा?" तेव्हा ट्यूब पेटली.

रानलावा सोळा-सतरा सेंटिमीटरचा, वजन साठ ते ऐंशी ग्रॅमच्या आसपास. नराचं पोट आणि छाती पांढऱ्यावर बारीक काळ्या आडव्या रेघांची. मादीच्या पोटावर रेघा नाहीत, तिथे फिकट गुलाबीसर भुरा रंग. दोघांचाही गळा तांबूस-विटकरी आणि डोळ्यावरून मानेकडे जाणारी लांब फिकी भुवई. रेघाळ पोट आणि विटकरी गळा दिसला की नर नक्की. साधं पोट दिसलं तर गळा बघा. तो विटकरी असेल तर रानलाव्याची मादी.

बटन क्वेल दिसायला लाव्याचा भाऊ, पण कूळ पार वेगळं. त्याला मागचं बोट नसतं, पुढची तीनच. त्याच्यात मादी जास्त रंगीत असते, तीच हाका मारते आणि अंडी उबवायचं काम नराच्या गळ्यात पडतं. उडतो एकटा किंवा जोडीने, गवताला घासून, आणि थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात पडतो. रानलावा कळपात असतो. सहा-सात ते वीस-पंचवीस पक्ष्यांचा कळप पायाखाली येईपर्यंत दबून बसतो आणि मग सुतळी बॉम्ब फुटावा तसा चहूबाजूंना फुटतो. छातीत धस्स झालं असेल तर बहुधा रानलावा. ही खूण विनोद म्हणून सांगत नाही, मला तिचा दुर्बिणीपेक्षा जास्त उपयोग झाला आहे.

दगडी लावा, म्हणजे रॉक बुश क्वेल, हा रानलाव्याचा अगदी जवळचा नातलग. त्याचं वर्णन निसर्ग-अभ्यासक लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने १८३२ साली केलं. तो घाटापलीकडचा, सासवडकडच्या उघड्या, खडकाळ, खुरट्या माळांवरचा. नराच्या पोटावरच्या रेघा जाड असतात आणि मादीचा गळा विटकरी नसून पांढुरका असतो. रंगीत लावा, लाल चोचीचा आणि लाल पायांचा, सह्याद्रीच्या उंच भागातला. त्याचंही नाव साइक्सनेच त्याच साली रूढ केलं. महाबळेश्वरला तुम्हाला तो भेटेल, बोरिवलीत नाही. साधा लावा हिवाळी पाहुणा, शेतांत उतरतो. पावश्या लाव्याच्या नराच्या छातीवर काळा डाग, आणि तो पावसाळ्यात गवताळ रानात "व्हिट्-व्हिट्" करतो. बाजारात ठिपक्यांची छोटी अंडी मिळतात ती पाळीव जपानी लाव्याची. त्यांचा या लेखाशी काही संबंध नाही, पण दर वेळी कुणीतरी विचारतंच.

मग आवाज पाठ करा

डोळ्यांच्या आधी कान कामाला येतात. रानलाव्याचे दोन आवाज ओळखता आले तर अर्धं काम झालं. पहिला खरखरीत, भांडखोर, "ची-ची-चक्, ची-ची-चक्", लाकडावर बोथट करवत ओढल्यासारखा. वीण जवळ आली की नर तो पहाटे घालतात. दुसरा मऊ, थरथरत्या शिट्टीचा, "व्ही-व्ही-व्ही-व्ही". कळप फुटून पांगला की दोन-पाच मिनिटांच्या शांततेनंतर एकेक पक्षी असा हाका मारत पुन्हा गोळा होतो. बटन क्वेलच्या मादीचा आवाज याच्या अगदी उलटा. लांबवर कुणी जुनी स्कूटर चालू ठेवून उभं आहे असा घुमणारा, आणि तो येतोय कुठून ते कळत नाही.

हे आवाज घरी ऐका, लोकलमध्ये ऐका. जंगलात स्पीकरवर वाजवू नका. हद्दीची हाक ऐकून नर आपलं काम सोडून भांडायला येतो, लपायची जागा सोडतो, आणि वर शिकरा बसलेलाच असतो.

मोठ्या नकाशावरून छोट्याकडे

रानलाव्याचं घर जवळपास सगळा भारतीय उपखंडाचा द्वीपकल्पी भाग. उत्तरेला हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, दक्षिणेला थेट टोकापर्यंत, शिवाय श्रीलंकेत. राजस्थानच्या अस्सल वाळवंटात नाही, ईशान्येच्या ओल्या जंगलांत नाही. ईशान्येत त्याचा दुसरा भाऊबंद आहे, मणिपूर बुश क्वेल. रियुनियन बेटावर माणसाने नेऊन सोडलेले रानलावे आहेत. जागतिक पातळीवर जातीला सध्या धोका नाही असंच मानलं जातं. पण 'जगात धोका नाही' म्हणजे 'मुंबईत आहे' असं नव्हे, आणि आपल्याला काम आहे ते या दुसऱ्या गोष्टीशी.

या जातीच्या काही उपजाती मानतात. नैऋत्य भारतातल्या उपजातीचं नाव विडाली. ते मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतल्या जी. डब्ल्यू. विडाल यांच्यावरून पडलं. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी त्यांनी १८८०च्या सुमारास छापली होती. म्हणजे आपल्या कोकणपट्टीचं नाव या पक्ष्याला असं आडून का होईना लागलेलं आहे.

आता मुंबईवर या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर, एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला ठाणे, आणि वसईच्या खाडीच्या उत्तरेला त्याचा सुटलेला तुकडा म्हणजे नागला. त्याच्याही वर तुंगारेश्वर. पूर्वेला, खाडी ओलांडून पनवेलच्या पुढे कर्नाळा. एवढ्या सगळ्या हिरव्या रंगात रानलावा सारखा पसरलेला नाही. उपग्रहाचं चित्र उघडा, शक्यतो मार्च-एप्रिलमधलं. गर्द हिरवं दिसेल ते सोडून द्या. इमारतींचं राखाडी सोडा. या दोन्हींच्या मधला पिवळट, ठिपक्याठिपक्यांचा भाग पेन्सिलीने घेरा. हीच तुमची शोधाची जमीन.

ठाण्याच्या अंगाचे येऊरचे उतार, तुळशी-विहार तलावांच्या वरची गवताळ टेकाडं, कान्हेरी लेण्यांच्या वरचं खडकाळ पठार, नागल्याचे खाडीकडचे भाग, तुंगारेश्वरच्या पायथ्याची पाड्यांजवळची पडीक जमीन या जागा मी पहिल्या घेईन. कर्नाळ्याची दाट झाडी मी नंतर घेईन, फक्त खालचे मोकळे उतार आधी. आरेतही शोधा, पण तिथे गवतातून काही उडालं तर आधी बटन क्वेल समजा आणि मग स्वतःला खोटं पाडायचा प्रयत्न करा.

यातल्या बऱ्याच जागा वनखात्याच्या हद्दीत आहेत. ठरलेल्या वाटा सोडून चालायचं असेल तर लेखी परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागतो, फोटोकॉपी लागतात, आणि 'साहेब आज नाहीत' हे दोन-तीनदा ऐकावं लागतं. दिवाळीत अर्ज टाका, म्हणजे जानेवारीत चालता येईल. परवानगी नसेल तर खुल्या वाटांवरूनही पुष्कळ होतं, कारण रानलाव्याला वाटा आवडतात. का, ते पुढे येतं.

काठावरच का

या पक्ष्याच्या जागी जाऊन बसा. तुमची उंची वीतभरही नाही. चालून पोट भरायचं आहे, उडणं फक्त जीव वाचवायला. खाणं म्हणजे गवताचं बी, सोबत वाळवी आणि किडे. वरून शिकरा, खालून मुंगूस, साप, रानमांजर.

मग तुम्हाला तीन गोष्टी हव्यात, आणि तिन्ही चालत जाण्याच्या अंतरात हव्यात. बी देणारं गवत. पळून शिरायला काटेरी झुडूप. आणि पायाखाली मोकळी माती, जिथे गवताच्या दाट गाद्यांमधून वाट काढावी लागणार नाही. सागाच्या आणि ऐनाच्या दाट सावलीत गवत वाढत नाही, म्हणून तिथे बी नाही. पुरुषभर वाढलेल्या गवतात खालून चालता येत नाही. साफ उघड्या माळावर लपायला काही नाही. राहिलं काय? काठ. जिथे गुडघाभर गवताचे विरळ झुबके आहेत, मध्ये मुरमाची माती उघडी आहे आणि दहा-वीस पावलांवर करवंदीची जाळी आहे.

वरून बंद, खालून मोकळं, असं हे घर. बसून, हनुवटी जमिनीला टेकवून समोर बघा. झुडपाच्या खालून पलीकडचा उजेड दिसतो का? दिसला तर लावरीला वाट आहे. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला हे करायला लावलं. मी पठारावर दुर्बीण लावून झुडपांचे शेंडे न्याहाळत उभा होतो. ते लाकडाची मोळी घेऊन आले, थांबले. "काय बघता, भाऊ?" म्हटलं, "लावरी, बाबा." ते हसले. "लावरी बघायची आन् उभं राहून? खाली बसा. तिच्याएवढं व्हा." मी बसलो. जाळीखालून खरंच एक बोळ दिसला, आतून पलीकडे गेलेला, जमीन झाडल्यासारखी साफ.

घाणेरीचं काय, हा प्रश्न येतोच. घाणेरी परकी, जंगल खाणारी, सगळं खरं. पण तिची जाळी विरळ असेल आणि भोवती गवत शिल्लक असेल तर रानलावा तिच्याखाली लपतो, त्याला तिच्या पासपोर्टशी घेणं नाही. घाणेरीने गवत पूर्ण गिळलं की मात्र त्याचंही दाणापाणी संपतं. गुरांचंही तसंच. थोडी गुरं चरत असतील तर गवतात वाटा पडतात. फार झाली तर बी धरायच्या आधीच गवत संपतं.

कधी जायचं

पावसाळा सोडा. गवत उंच, वाटा बंद आणि गोचिडी फार. दिवाळीनंतर गवत पिवळं पडून आडवं व्हायला लागतं. तिथून होळीपर्यंतचे चार महिने तुमचे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कळप मोठे असतात, पण गवत अजून बरंच उभं असतं. मला जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी सर्वांत बरा वाटतो. गवत विरळ झालेलं असतं, झुडपाखालची जमीन दिसते आणि पहाटेच्या हाकांना जोर आलेला असतो.

वीण पाऊस संपता संपता सुरू होऊन पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. घरटं म्हणजे गवताच्या झुबक्याच्या बुडाशी उकरलेली उथळ खोबणी, आत चार ते आठ दुधी अंडी. ती मादी एकटीच उबवते, सोळा ते अठरा दिवस. एखादी मादी अगदी पायाजवळून उठली आणि बाकी कळप नसेल, तर तिथेच थांबा, आल्या पावलांनी मागे फिरा. खोबणी शोधायला वाकू नका.

दिवसात दोन वेळा आहेत. सूर्य उगवल्यापासून साधारण दोन तास, आणि दुपारी चारच्या पुढे. संध्याकाळची वेळ मी वापरत नाही. हे पक्षी रात्री जमिनीवर एकमेकांना खेटून गोल करून बसतात, तोंडं बाहेर, अंगं आत. अंधार पडायच्या तोंडाला कळप उधळला तर गोल पुन्हा जमेलच असं नाही, आणि एकटा पडलेला लावा म्हणजे मुंगसाचं जेवण. शिवाय पार्कात संध्याकाळनंतर बिबट्याची ड्यूटी सुरू होते, आपली संपलेली बरी.

चालण्याची पद्धत

दोघं जा. एकट्याने गवतात उतरू नका आणि पाच-सहा जणांचा घोळकाही नेऊ नका. पायात घोट्यावर येणारे बूट, मोज्यांत खोचलेली पँट, पूर्ण बाह्यांचा सदरा. हे फॅशनसाठी नाही. डिसेंबरपासून खाजकुयलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांची सोनेरी लव वाऱ्यावर उडते. एकदा मी ती कोपरापर्यंत घेऊन आलो, ठाण्यापासून दादरपर्यंत गाडीत खाजवत बसलो होतो. लव लागली तर चोळू नका, पाणी मारू नका, आधी चिकटपट्टी लावून ओढून काढा. खडकाळ पठारावर दगड हाताने उलटवू नका, फुरसं असतं.

सुरुवात वाटेवरून. रानलावे सकाळी वाटेच्या कडेला, कधी वाटेवरच, चरायला येतात. एकामागोमाग एक रांगेत वाट ओलांडतात. येऊरला एका जानेवारीत मी वळणावर थांबलो होतो, पाण्याची बाटली उघडत. दहा-बारा पावलांवर डाव्या बाजूच्या गवतातून एक डोकं बाहेर आलं. विटकरी गळा, फिकी भुवई. डोकं आत गेलं. मग पूर्ण पक्षी बाहेर, चार पावलं टाकून वाटेच्या मधोमध थांबला, मान ताठ. त्याच्या मागे दुसरा, तिसरा. शाळेतल्या पोरांना रस्ता ओलांडायला लावतात तसं. सात मोजले. सातव्याने मध्येच थांबून वाटेवरचं काहीतरी टिपलं, बहुधा वाळवी, आणि मग आपण मागे राहिलो हे कळल्यासारखा पळत गेला. बाटलीचं झाकण माझ्या हातात तसंच होतं. आठवा आलाच नाही, पण मी अजून दहा मिनिटं त्याची वाट बघत उभा होतो.

तर नियम असा. दहा पावलं चाला, पूर्ण एक मिनिट थांबा, मोबाइलवर वेळ लावून. माणूस चालत राहिला तर लावे दबून बसतात. थांबला तर त्यांची घालमेल होते आणि ते सरकतात. पाचोळ्यात कोंबडीच्या पायांसारखी हलकी खसखस ऐकू आली तर ते रानलावे असतील, चकोत्री असेल किंवा सातभाई. सातभाई गप्प राहू शकत नाहीत, अर्ध्या मिनिटात स्वतःहून नाव सांगतात. चकोत्री लाव्याच्या दुप्पट मोठी, लाल पायांची, आणि उडण्याऐवजी पळते.

कळप फुटलाच तर मागे धावू नका. उडताना मोजा, नाही जमलं तर 'किमान अमुक' असं ठेवा. तिथेच खाली बसा, पंधरा मिनिटं हलू नका. गोळा होण्याची शिट्टी ऐकू येईल आणि कोणत्या बाजूने किती आवाज येतात त्यावरून आकड्याला आधार मिळेल. मग त्या दिवसापुरतं त्या जागेला रामराम. तोच कळप दुसऱ्यांदा उडवायचा नाही. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

पक्षी दिसला नाही तरी जमीन बोलते

माझ्या मते खरी मजा इथे आहे, आणि शहरातले पक्षीनिरीक्षक नेमकं हेच टाळतात, कारण यात कॅमेऱ्याला काम नाही.

रानलावे धुळीत अंघोळ करतात. झुडपाच्या कडेला, ऊन येईल अशा जागी, मऊ कोरड्या मातीत छोटे खड्डे दिसतात, आमटीच्या वाटीएवढे, बोटाच्या दोन पेरांइतके खोल. एक खड्डा चिमणीचाही असू शकतो. पण चार-पाच शेजारी शेजारी, बाजूला बारीक रेघाळ पीस आणि पांढऱ्या टोकाची छोटी शीट असेल तर वाकून बघा. पीस उचलून घरी नेऊ नका, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा. एका जागी शीटेचा छोटा ढीग, तोही कडेकडेने पडलेला, दिसला तर ती रात्रीच्या गोलाची जागा असू शकते.

मातीत पावलं बघा. तीन पुढची बोटं आणि मागे छोटासा ठिपका किंवा रेघ, तर लावा-तित्तर कुळातलं काही. मागचा ठिपका कुठेच नसेल तर बटन क्वेल. मात्र मागचं बोट छोटं असतं, कडक जमिनीत ते उमटतच नाही, म्हणून मऊ धुळीतलाच ठसा धरा.

नोंद कशी करायची

नकाशावर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन आखा. अख्खं नॅशनल पार्क म्हणजे शंभराच्या वर चौकोन, ते एकट्या-दुकट्याचं काम नाही. पाच-सहा चौकोन घ्या, पण त्यात मुद्दाम एक दाट जंगलाचा आणि एक वस्तीला चिकटलेला घ्या. नुसत्या 'चांगल्या' जागा घेतल्या तर पक्षी काठावर असतो हे सिद्ध होत नाही. तुम्ही काठावर गेलात एवढंच सिद्ध होतं.

प्रत्येक चौकोनात एका मोसमात किमान चार फेऱ्या, जमल्यास सहा. याचं कारण हिशेबात आहे. समजा पक्षी तिथे आहे, पण एका फेरीत तो सापडायची शक्यता तीनात एक. तर एका फेरीत हुकायची शक्यता तीनात दोन. तीन फेऱ्या सलग हुकायची शक्यता दोन-तृतीयांशचा तीनदा गुणाकार, म्हणजे जवळपास तीस टक्के. सहा फेऱ्यांनंतर ती नऊ टक्क्यांवर येते. म्हणून एका रविवारी जाऊन 'येऊरमधून लावे संपले' असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. आणि प्रत्येक रिकाम्या फेरीची नोंद ठेवा, तारीख, वेळ, किती मिनिटं चाललो, सगळं. रिकामी पानं फाडली तर उरलेल्या पानांना अर्थ राहत नाही.

फेरीत तीन-चार ठिकाणी थांबून जागेचा कागद भरा. गवत किती उंच ते स्वतःच्या पायावर मोजा, घोटा, पोटरी, गुडघा, कंबर. झुडूप कोणतं आणि किती पावलांवर. वर झाकण किती, त्यासाठी टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी ठेवा. वीस वेळा पाच-पाच पावलं टाकून नळीतून सरळ वर बघा आणि किती वेळा पान दिसलं, किती वेळा आकाश, ते लिहा. वीसपैकी सोळा-सतरा वेळा पान दिसलं तर तुम्ही आत फार शिरलात. मातीचा प्रकार, उताराची दिशा, पाणी जवळ आहे का, गुरांचं शेण, वणव्याची राख. हे सगळं दोन मिनिटांत होतं, फक्त सवय लागेपर्यंत कंटाळा येतो.

घरी आल्यावर यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण भरा, दिसलेले सगळे पक्षी, नुसता रानलावा नव्हे. ओळख पक्की नसेल तर 'लावा, जात अनिश्चित' लिहायला लाजू नका. माझे दोन हिवाळे तसे लिहिले असते तर वाया गेले नसते. सालिम अली आणि हुमायून अब्दुलाली यांनी १९३०च्या दशकात मुंबई-साष्टीच्या पक्ष्यांची यादी तयार केली होती. ती बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, नियतकालिकातून छापून आली. तिच्यावर आपल्याला आज काही बोलता येतं, ते त्यांनी ठिकाणं आणि महिने नीट लिहून ठेवले म्हणून. तुमच्या कागदावर 'पार्कात दिसला' एवढंच असेल तर पन्नास वर्षांनी त्याचा कुणालाही उपयोग नाही.

नेमकी जागा मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. लावे फाशांत धरले जातात, आजही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला लावा धरणं, मारणं, विकणं गुन्हा आहे, पण फासा कायदा वाचत नाही. गवताच्या वाटेवर दोऱ्याचे किंवा केसाळ तंतूचे फास ओळीने लावलेले दिसले, तर स्वतः शूरपणा करून उपटायला जाऊ नका. फोटो, जागा आणि वेळ घेऊन वनखात्याच्या १९२६ या मदतक्रमांकावर कळवा.

आता वणव्याचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दर वर्षी कुठला ना कुठला उतार जळतो. जळून काळा पडलेला चौकोन यादीतून काढू नका, उलट त्याला जास्त फेऱ्या द्या. राखेत बी उघडं पडतं, म्हणून काही दिवस पक्षी काळ्या जमिनीच्या कडेला चरायला येऊ शकतात. पण लपायची जाळी जळलेली असेल तर पुढे काय होतं, ते त्याच जागी परत परत गेल्याशिवाय कळत नाही. येऊरच्या ज्या वळणावर मला सात दिसले होते, त्याच्या वरचा उतार पुढच्याच वर्षी जळाला. करवंदीचे बुंधे उरले, पानं गेली. मी तिथे वणव्यानंतर पाच वेळा गेलो, पाचही पानं रिकामी आहेत. पावसानंतर करवंदी फुटली आहे, गवतही आलं आहे. येत्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच वळणावर, सकाळी सातला उभा असेन.